चुड्याचं तोरण आणि तलासरीची भट्टी

तुम्ही दोघं फोनवर विचारता, आजी, तुझा काचेचा क्लास कसा चाललाय, आणि मी दर वेळी ‘बरा चाललाय’ म्हणते. तो बरा चालला नव्हता. आता तर संपलाही. ही गोष्ट फोनवर सांगायला घेतली की आवाज तुटतो, मध्येच तुमच्याकडे कोणीतरी दार वाजवतं आणि मी चिडून विषय बदलते. म्हणून क्रमवार लिहून काढते आहे. वाचताना मधली पानं गाळू नका.

सुरुवात तोरणापासून करायला हवी. थोरलीला हे माहीत आहे, धाकट्याला नसेल, कारण मुलग्यांना अशा गोष्टी सांगायच्या असतात हे आपल्या घरात कोणाला सुचत नाही. लग्नात मुलीला हिरवा चुडा सगळेच भरतात. पण आपल्या आळीतल्या मुलीने चुडा उतरवला की त्या बांगड्या टाकत नाहीत. त्यांचे तुकडे करायचे, एकेक तुकडा ज्योतीवर धरून मऊ करायचा, वाकवून त्याची कडी करायची आणि कडीत कडी ओवत साखळ्या करायच्या. त्या साखळ्यांचं तोरण मुलीच्या नव्या घराच्या दाराला लागतं. दुकानातल्या बांगड्या त्याला चालत नाहीत. तिने हातात घातलेल्याच लागतात, आणि त्या एकदाच घातलेल्या असतात.

थोरलीचं लग्न इथेच नरपडला झालं, कासारणीने अंगणात बसून चुडा भरला आणि निघायच्या आदल्या दिवशी हिने तो उतरवून माझ्या हातात दिला. ‘आजी, घर घेतलं की दाराला लावीन, तोरण कर हं,’ एवढं म्हणून ती बॅगा भरायला गेली. मी डाव्या हाताच्या बांगड्या एका रुमालात आणि उजव्या हाताच्या दुसऱ्या रुमालात बांधून स्टीलच्या डब्यात ठेवल्या. पुढे तिने घर घेतल्याचं कळवलं. डबा तसाच होता.

कारण करणार कोण? माझ्या अंगठ्यांचे सांधे तुम्ही पाहिलेच आहेत. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला मी तुमच्या आजोबांना हाक मारते आणि तेही ते टेबलाच्या कडेवर आपटूनच उघडतात. घरात ज्योतीवर काच वळवणारा एकच हात आहे, तो माझ्या नणंदेचा, तुमच्या आत्याआजीचा. मी या घरात नवी नवरी म्हणून आले तेव्हा ती परकर नेसणारी मुलगी होती, आणि त्या वयात अख्ख्या आळीतल्या मुलींची तोरणं ती करत असे. मग तिचं लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि तिने काचेला पुन्हा हात लावला नाही. तिला कोणी मनाई केली नव्हती. तिने स्वतःच ठरवलं. विधवेच्या हातचं तोरण नव्या नवरीच्या दाराला नको, हे आजवर मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की वाद घालायचासुद्धा मला कंटाळा आला आहे. थोरलीच्या तोरणाचं विचारलं तेव्हा ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, “पोरीचं बरं चाललंय ना? मग चालू दे.”

त्यातच व्हॉट्सअ‍ॅपवर ती जाहिरात आली. नवशिक्यांसाठी फ्यूज्ड ग्लास, म्हणजे भट्टीत वितळवून चिकटवलेली काच, घर सजवायच्या वस्तू स्वतःच्या हाताने बनवा, दर रविवारी, तलासरी. खाली एका सुंदर काचेच्या थाळीचा फोटो. मी विचार केला की आग जर भट्टीची असेल तर अंगठ्यांचं काही अडणार नाही. बटण दाबायचं, काच आपोआप वितळेल. मी लगेच नाव नोंदवलं. आजोबा म्हणाले, बाजारात प्लॅस्टिकची तोरणं ढिगाने मिळतात, दिसायला काही फरक नसतो. त्यांच्याशी मी त्या दिवशी जेवणापर्यंत बोलले नाही.

आत्याआजी म्हणाली, मी सोबत येते, तुम्ही एकट्या एसटीत चढणार कशा. खरं म्हणजे तिला भट्टी बघायची होती. नरपडहून रिक्षाने स्टेशन, तिथून तलासरीची एसटी. रविवारी ती वेळेवर सुटत नाही. सुटलीच तर आशागडला कोणाचं तरी बोचकं चढेपर्यंत उभी राहते. आयुष्यभर मी घंटेला शाळेत हजर राहिले आणि म्हातारपणी पहिल्याच वर्गाला उशिरा पोचले. त्याची चीड दिवसभर उतरली नाही.

क्लास हायवेपासून जरा आत, एका गोडाऊनमध्ये होता. शिकवणारी मुलगी बडोद्याला शिकून आलेली, थोरलीच्याच वयाची. निम्म्या गोडाऊनमध्ये तिच्या वडिलांचा फरशांचा माल आणि निम्म्यात तिची टेबलं. भट्टी कोपऱ्यात, वरून झाकण उघडणारी, आपल्या जुन्या डीप फ्रीजसारखी. आम्ही पाच-सहाजणी होतो. मुलगी गोड होती, पण मला ‘आंटी’ म्हणायची. मी एकदा सांगितलं की मला मॅडम म्हटलंस तरी चालेल किंवा आजी म्हण. ती म्हणाली, “हां आंटी.” आत्याआजीला मात्र ती पहिल्या दिवसापासून ‘मासी’ म्हणू लागली आणि आत्याआजी लगेच तिची मासी होऊन बसली.

पहिला धडा काच कापण्याचा. काच कापायची म्हणतात, पण ती कापायची नसतेच. बारीक चाकाच्या कटरने तिच्यावर एक ओरखडा काढायचा, मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये धरून त्या रेषेवर मोडायची. अंगठ्यांमध्ये! ज्यासाठी मी इथवर आले होते तेच पुन्हा समोर. माझी काच रेषा सोडून भलत्याच दिशेला गेली. दुसरी कोपऱ्यात चुरा झाली. मी पट्टी लावून मोजून रेषा मारत होते, आणि शेजारी एक बाई गप्पा मारत मारत सरळ पट्ट्या पाडत होती. आमच्या बाईंनी, म्हणजे त्या शिकवणाऱ्या मुलीने, मला पकड दिली. पकडीने काच मोडते, पण माझी पकड घसरली.

“वहिनी,” आत्याआजी स्टुलावर बसून म्हणाली, “तिला धाक दाखवून नाही चालणार. ती काय तुमच्या वर्गातली पोरं आहेत?”

“तू मोडून दाखव मग.”

“मी कशाला? मी सोबत आलेय.”

साध्या काचेचा तुकडा होता, त्याचा तोरणाशी काही संबंध नव्हता, तरी ती हात लावेना. मी तो दिवस असा काढला की घरी येताना माझ्या पिशवीत एकही सरळ तुकडा नव्हता आणि एका बोटाला पट्टी होती.

त्याच दिवशी मी बाईंना डबा दाखवला होता. त्यांनी एक बांगडी उचलून उजेडात धरली, परत ठेवली आणि सांगितलं की याच्या कड्या भट्टीत होणार नाहीत. भट्टीत काच फक्त आडवी पडते आणि खालच्या काचेला चिकटते. फार तर पानाच्या आकाराच्या काचा कापून त्यांवर बांगडीचे तुकडे बसवता येतील, वर भोक ठेवून ती पानं दोरीत ओवता येतील. मला हे पटलं. काचेच्या पानांचं तोरण, प्रत्येक पानात हिरवी कमान. मनातल्या मनात ते मी थोरलीच्या दाराला लावूनही टाकलं. मग त्या म्हणाल्या, पण मी तुमच्या बांगड्या भट्टीत टाकू देणार नाही.

का, तर त्यांची काच एका जातीची, बांगडीची काच कुठल्या जातीची कोणास ठाऊक. तापताना दोन्ही एकमेकींना चिकटतील, पण निवताना एक जास्त आक्रसेल आणि एक कमी. मग ओढाताण होऊन तडा जाईल. मी म्हटलं, काच ती काच. त्या म्हणाल्या, “नाही ने आंटी. दिसायला सारख्या, स्वभाव वेगळे.” आत्याआजीने यावर माझ्याकडे बघून जी मान हलवली ती मी विसरलेली नाही.

म्हणून दुसऱ्या रविवारी मी मुकाट्याने त्यांच्या काचेची कोस्टरं केली, पेल्याखाली ठेवायची ती. सगळ्यांनीच केली. पहिलंवहिलं काम म्हणून सगळ्या खुशीत होत्या. काचेचा रंगीत चुरा पेरायचा, गोंदाने जागेवर ठेवायचा, भट्टीत मांडायचं आणि मग एक रात्र आणि पुढचा दिवस झाकण उघडायचं नाही. सगळा माल भट्टीत मांडून झाला, आणि बाईंचा फोन वाजला. त्या बाहेर गेल्या.

आत्याआजीने कमरेची पिशवी सोडली. त्यातून कागदाची पुडी निघाली. पुडीत हळद, कुंकू आणि अक्षता. “पहिलं काम आगीत जातंय,” ती म्हणाली, “असंच जाऊ द्यायचं? तुम्ही लावा. माझा हात नको.”

मी तिला समजावलं की हे विजेचं यंत्र आहे. ती म्हणाली, नवीन मिक्सर आणला तेव्हा लावलं होतंत की. हे खरं होतं. बाकीच्या बायका कौतुकाने बघत होत्या, एकीने पदरही सारखा केला. मी भट्टीच्या झाकणाला बोट टेकवलं. आत्याआजी म्हणाली, झाकणाला काय करायचंय, कामाला लावा, काम आत आहे. वाद टाळायचा म्हणून मी चिमूटभर घेतलं आणि आत सगळ्यांच्या कोस्टरांवरून हात फिरवला. झाकण लागलं. बाईंना कोणीच काही सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं आहे असं आमच्यापैकी कोणालाही वाटलं नाही.

पुढच्या रविवारी झाकण उघडलं तर प्रत्येक कोस्टरावर तपकिरी डाग होते, आणि जिथे अक्षता पडल्या तिथे काचेला फोड येऊन त्यात राखाडी ठिपका अडकला होता. काचेवर जे असेल ते जळून तिच्यात कायमचं बसतं, हे आम्हांला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. म्हणून तर काच पुसायला वेगळं फडकं होतं. एक बाई रडकुंडीला आली. दुसरीने मला सरळ विचारलं की तुम्ही शिकलेल्या ना. घोलवडहून येणारी एकटीच खूश होती. गणपतीपुढे ठेवीन म्हणाली, यात प्रसाद आहे.

बाई रागावल्या नाहीत, त्याने मला जास्त लागलं. त्या फक्त म्हणाल्या, “भट्टी आणली तेव्हा मी पण पूजा केली होती, आंटी. बाहेरून.”

एसटीत आत्याआजी माझ्या शेजारी बसली. मी तिला म्हटलं, तुझ्यामुळे मला आज चारचौघींत ऐकून घ्यावं लागलं. ती म्हणाली, माझा हात लागला होता का?  स्वतःचा हात जपायचा आणि माझा पुढे करायचा, ही तिची जुनी पद्धत. हळदीकुंकवाचं ताट मीच फिरवायचं, ओटी मीच भरायची, आणि बाजूला उभी राहून चूक कुठे झाली ते तिने सांगायचं.

मी क्लास सोडला नाही. आता मला बांगड्यांचंच करून दाखवायचं होतं. त्यासाठी मी पद्धतशीर वाट धरली. डहाणूच्या बाजारातून साध्या हिरव्या बांगड्या आणल्या, त्यांचे तुकडे करून बाईंना म्हटलं, आधी या घालून बघू. यात कोणाचं नुकसान नाही, वेगळ्या फळीवर ठेवा. त्यांनी ठेवले. पुढच्या आठवड्यात ते पान अखंड बाहेर आलं. बांगडीचा गोलवा थोडा चपटा झाला होता, पण हिरवा रंग तसाच, कुठे तडा नाही. मी ते पान हातात घेऊन खिडकीशी नेलं. खरं सांगते, त्या पूर्ण क्लासमधली तेवढीच पाच मिनिटं मला बरी गेली.

मग मी डाव्या हाताचा रुमाल सोडला. बाई म्हणाल्या, एक जमली म्हणजे सगळ्या जमतील असं नाही, आधी एकच टाका. मी म्हटलं, चाचणी झालेली आहे. शेवटचा रविवार जवळ आला होता, एकेक टाकत बसले असते तर तोरण पुढच्या वर्षावर गेलं असतं. आत्याआजी तेवढ्यात म्हणाली, “वहिनी, ती बाजारची होती. ही कासारणीकडची आहे.” मी तिला म्हटलं, तू सोबत आली आहेस ना, सोबतच बस.

पानं मी स्वतः कापली. वाकडी होती, पण पानं वाकडी असतातच. प्रत्येकावर एक कमान ठेवली.

शेवटच्या रविवारी बाईंनी झाकण उचललं. प्रत्येक पान तडकलं होतं. वेडंवाकडं नव्हे, बांगडीच्या कमानीला धरून, जणू कोणी त्या रेषेवरून कटर फिरवला असावा. वरचा तुकडा एकीकडे, खालचा एकीकडे. मला कापताना जी रेष कधी साधली नाही ती भट्टीने आपणहून साधली होती. बांगड्या काचेत इतक्या बसल्या होत्या की सोडवायची सोय नव्हती. बाईंनी मला खोका आणून दिला, कागदाचे बोळे घालून तुकडे भरायला मदत केली आणि पुन्हा ‘सॉरी आंटी’ म्हणाल्या. त्यांची काहीच चूक नव्हती, हे मला त्या क्षणी फार त्रासदायक वाटलं. कोणाची तरी चूक असती तर बरं झालं असतं.

खोका मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. तलासरीपासून आशागडपर्यंत आत्याआजी खिडकीबाहेर बघत होती. आशागडला गाडी थांबली तेव्हा तिने विचारलं, “उजव्या हाताच्या आहेत ना?”

“आहेत.”

“चला, देवानं दोन हात दिले ते एक बरं केलं.”

त्या संध्याकाळी मी थोरलीला फोन करून चुडा तडकला तेवढं सांगितलं. थोरले, तुला आठवत असेल. तू म्हणालीस, आजी, इट्स ओके, ते फुटलेलंच फ्रेम करून पाठव, फार आर्टिस्टिक दिसेल. बाळा, तू माझं मन राखायला म्हणालीस हे मला कळतं. पण तडकलेला चुडा नव्या संसाराच्या भिंतीवर लावायचा नसतो. मी कुंकवाला हसणारी बाई आहे, शकुन-अपशकुन मानत नाही, आणि तरी हे वाक्य लिहिताना मी काही खोडत नाही. तो खोका मी माळ्यावर टाकला.

राहिला उजवा हात. मी ठरवलं की भट्टी गेली खड्ड्यात, ज्योतीवर करू. जमेल तसं करू. मागच्या पडवीत मेणबत्ती लावली, छोटा चिमटा घेतला, बांगडी फडक्यात गुंडाळून तिचे तुकडे केले. आपल्याकडे बांगडी ‘फोडली’ म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात, आणि ती वाढवताना आत्याआजी पलीकडे माझ्याकडे पाठ करून चिकूच्या चकत्या उन्हात पसरत होती. पाठीला डोळे असल्यासारखी.

पहिला तुकडा काळा पडला. दुसरा वाकला, पण तो फिरवेपर्यंत चिमटा माझ्या अंगठ्यातून निसटला आणि तुकडा फरशीवर पडून त्याच्या ठिकऱ्या झाल्या. तिसऱ्याची कडी झाली, पण तोंड मिटलं नाही. चौथा मोडला.

“ज्योतीच्या टोकाला धरलं की काजळी धरते,” पाठीकडून आवाज आला. “कडेला धरा.”

कडेला धरला. वाकला, उलट्या बाजूला.

“आता घाई केलीत.”

मग माझा तोल गेला. मी म्हटलं की तिथे बसून सांगायला कोणालाही येतं, चार पावलं इकडे येऊन करायला काय जातं तुझं? ती तेच म्हणाली जे ती नेहमी म्हणते, माझा हात नको. माझं तोरण किती टिकलं ते माहीत आहे ना वहिनी तुम्हांला? पोरीचं तसं व्हायला हवंय का?

आजवर या वाक्यापाशी मी गप्प बसत आले. त्या दिवशी हातात काळा तुकडा होता, बोट पोळलेलं होतं आणि मी गप्प बसले नाही.

“तुझं तोरण तू कुठे केलं होतंस?” मी म्हटलं. “तुझं तोरण आईंनी केलं. कपाळभर कुंकू होतं त्यांचं. पुढे नवऱ्याआधी गेल्या त्या. त्यांच्या हाताने काय राखलं तुझं?”

 हातातली चकती तिने चटईवर नीट ठेवली, उठली आणि वाडीत निघून गेली. दुपार टळली तरी आली नाही. आजोबा झोपेतून उठून चहा मागायला आले, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच करून घेतला. मला वाईट वाटत होतं आणि रागही तसाच होता, दोन्ही एकदम. मी आणखी दोन तुकडे फुकट घालवले.

ती आली तेव्हा तिच्या हातात झाडाखाली पडलेले चिकू होते. ते तिने टोपलीत ठेवले, मोरीवर हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या मागे उभी राहिली. मी मुद्दाम वर पाहिलं नाही. तुकडा ज्योतीत धरला. तो लाल झाला, मऊ झाला, मी वळवायला गेले आणि अंगठा पुन्हा दुखून जागच्या जागी थांबला.

“जळली ती, जळली,” ती म्हणाली. “पोरीनं अंगावर घातलेली वस्तू आहे. अशी नासतात?” आणि तिने माझ्या हातातून चिमटा ओढून घेतला. अगदी ओढून, मला तो सोडायलाही वेळ दिला नाही.

तिने मला उठवून माझ्या जागी बसकण मारली. मेणबत्ती वाऱ्याच्या आडोशाला सरकवली. तुकडा ज्योतीच्या कडेला धरला, एकदा फुंकर घातली, मनगट असं फिरवलं की मला दिसलंसुद्धा नाही, आणि कडी झाली. पहिली कडी तिने खाली ठेवली आणि थोडा वेळ तिच्याकडे बघत बसली.  मला वाटलं, आता उठेल.

ती म्हणाली, “तुकडे मापाने लावून द्या. लहान-मोठे एकत्र काय टाकलेत? एवढ्या टापटिपीच्या म्हणवता स्वतःला.”

तेव्हापासून आमचं असं चाललं आहे. दुपारी जेवण झालं की ती पडवीत बसते आणि मी तुकडे लावून देते. मोठे एका ताटलीत, मध्यम दुसरीत, आणि बारीक वेगळे. माझ्या हातून झालेली एकुलती एक धड कडी तिने दोनदा उलटीपालटी केली आणि साखळीच्या मागच्या टोकाला, भिंतीकडे जाईल अशा जागी ओवली. त्या दुपारच्या बोलण्याबद्दल ती एक शब्द बोललेली नाही आणि मीही बोललेले नाही. हात धुऊन बसते, हात धुऊन उठते. हे तिचं बरोबर झालं का, तिचं तिला पटलं का, मला माहीत नाही. विचारलं तर चिमटा खाली ठेवेल अशी मला भीती आहे.

अडचण एवढीच की अर्धा चुडा तलासरीला गेला. उरलेल्यात तोरण लहान होणार. काल तिने विचारलं, पोरीचं दार केवढं आहे? थोरले, मी आज सकाळी अवेळी फोन केला, तो यासाठी. मी तुला म्हटलं, टेप आणून नीट मोज आणि आकडा कळव. तुझ्याकडे टेप नव्हती. नव्या घरात राहायला जाणाऱ्या माणसाकडे टेप नसावी, हे मला अजून समजलेलं नाही.

मी तुला त्यावरून बोलत होते तेव्हा आत्याआजी माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावली. “टेप मरू दे,” ती म्हणाली. “तिला दारात हात पसरून उभी राहायला सांगा.”

तू फोन कशावर तरी टेकवून ठेवलास आणि नाइटड्रेसमध्ये दारात हात पसरून उभी राहिलीस. आत्याआजीने चष्मा वर सरकवून तुझ्याकडे बराच वेळ पाहिलं, एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत.

“एवढं रुंद दार दोन माणसांना कशाला लागतं?” ती म्हणाली. मग परत पडवीत जाऊन बसली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “झोळ कमी ठेवते. पुरेल.”